जुनं ३०९०, टिनाची खोली अन् लग्नाचा सीझन

९ फेब्रुवारी २०२५

मी लग्नाच्या फिल्म बनवतो, अन् आज परत तेच झालं. हळदीचा रात्रीचा व्हिडिओ, पिवळ्या बल्बच्या उजेडातला, सगळा दाणेदार, त्याला नॉइज रिडक्शन, म्हणजे ते दाणे पुसायचं फिल्टर, लावलं की एडिटिंगचं सॉफ्टवेअर दाविंची रिझॉल्व्ह दोन मिनिटं चालतं अन् मेसेज येतो, जीपीयू मेमरी फुल, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची मेमरी भरली. माझ्याकडं १६६० सुपर कार्ड आहे, ६ जीबीचं. फोरकेची टाइमलाइन, त्यावर कलर, त्यावर नॉइज रिडक्शन, ६ जीबीत हे बसतच नाही. मग तुकडे पाडून एक्सपोर्ट करा, परत जोडा, चाळीस मिनिटांच्या फिल्मला पाच-साडेपाच तास जातात. एप्रिल-मेच्या सतरा लग्नांचे ॲडव्हान्स घेऊन ठेवलेत, असं चाललं तर मी जूनपर्यंत झोपत नाही.

भाच्याला फोन केला, तो नागपूरला शिकतो. तो म्हणे मामा, मनीषनगरात एक जण ३०९० कार्ड विकून राहिला, २४ जीबीचं, ६८ हजार सांगते. पुढं लगेच म्हणाला, पण ते लय तापते म्हणतात, पाहा बापा.

११ फेब्रुवारी

दोन रात्री हेच वाचत बसलो. जे समजलं ते लिहून ठेवतो, पुढं कामी येईल.

एनव्हिडिया कंपनीचं हे ३०९० सप्टेंबर २०२० मध्ये आलं. २४ जीबी मेमरी म्हणजे एकेक जीबीच्या २४ चिप, त्यातल्या १२ समोर, कूलरच्या बाजूला, अन् १२ बोर्डाच्या मागच्या अंगाला. समोरच्यांना हीटसिंक अन् पंखे आहेत. मागच्या बाराच्या वर फक्त थर्मल पॅड (उष्णता पुढं नेणारी मऊ पट्टी) अन् त्यावर बॅकप्लेट, म्हणजे मागची पाटी, पंखा नाही, हवा नाही. अन् ही जीडीडीआर६एक्स मेमरी मुळातच गरम जातीची. म्हणून कोअर, म्हणजे मधली मुख्य चिप, ७० डिग्रीवर निवांत असतो अन् त्याच वेळी मेमरी १०५ ला गेलेली असते. ११० ला पोचली की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. ३०९० टीआय काढलं तेव्हा कंपनीनं दोन-दोन जीबीच्या चिप घेऊन सगळ्या समोर आणल्या, त्यात हा प्रकार नाही, पण ते कार्ड मिळतं कुठं अन् मिळालं तर माझ्या बजेटात येतं कुठं.

म्हणजे "कार्ड तापतं" हे एका आकड्याचं प्रकरण नाही. कोअर वेगळा, हॉटस्पॉट (कोअरमधली सगळ्यात गरम जागा) वेगळा, मेमरी जंक्शन (मेमरी चिपच्या आतलं टेंपरेचर) वेगळं. विकणारा दाखवतो कोअर, दुखणं असतं मेमरीत. एनव्हिडियाच्या कमांडमध्ये या कार्डाचा मेमरीचा आकडा येतच नाही, त्याला एचडब्ल्यूइन्फो नावाचं सॉफ्टवेअर लागतं. पेन ड्राइव्हवर टाकून घेतलं.

भाचा म्हणतो त्यापेक्षा नवीन ४०६० टीआय घ्या, १६ जीबी, १६५ वॅट, थंड चालते, वॉरंटी मिळते. खोटं नाही त्याचं. पण मेमरीचा वेग पाहिला तर त्याचा २८८ जीबी सेकंदाला अन् ३०९० चा ९३६. माझं अर्धं काम नॉइज रिडक्शनचं आहे, तिथं हा फरक मला घड्याळात दिसणार. थंड पण हळू, का गरम पण जोरात, अन् गरमवर माझा हात चालू शकतो का, एवढाच प्रश्न आहे. पंखे, पेस्ट, पॅड यातलं काम मी लॅपटॉपवर केलेलं आहे. मला वाटतं चालेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळच्या एसटीनं नागपूर. जाम चौरस्त्यावर चहा घेतला तेव्हा अंगात स्वेटर होता, हे लिहायचं कारण पुढं येतंच.

माणूस सरळ निघाला. मी विचारायच्या आधीच म्हणे, "खोटं काहून बोलू भाऊ, २०२१-२२ मध्ये वर्षभर इथेरियम काढलं याच्यावर, सप्टेंबर २०२२ ला ते बंद झालं तवापासून डब्यात आहे." माइनिंगचं, म्हणजे असं सलग चालवून क्रिप्टो नाणी काढलेलं, कार्ड म्हटलं की लोक उठून चालू लागतात. माझं मत थोडं वेगळं आहे. एका टेंपरेचरवर सलग चालल्यानं चिप लवकर मरते असं मी मानत नाही, त्यापेक्षा रोज तापणं-थंड होणं जास्त वाईट. पण पॅड वाळतात अन् पंख्यांचे बेअरिंग जातात हे शंभर टक्के. म्हणून आधी बंद कार्डाचे तिन्ही पंखे बोटानं फिरवून पाहिले. दोन सुळसुळीत, मधला थोडा डुगडुगतो. बॅकप्लेटच्या कडेला तेलकट रेघ दिसली, बोट लावलं तर चिकट. ते काही लीक नाही, थर्मल पॅडमधलं सिलिकॉनचं तेल उष्णतेनं बाहेर येतं. पण त्याचा अर्थ आतले पॅड संपलेत.

मग लावून चालवलं. फरमार्क, कार्डावर पूर्ण भार टाकणारं टेस्टचं सॉफ्टवेअर, पूर्ण ३५० वॅट. त्यानं स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं, ७१ तं आहे भाऊ, आणखी काय पाहिजे. मी माझा पेन ड्राइव्ह लावला. दहाव्या मिनिटाला कोअर ७१, हॉटस्पॉट ८४, मेमरी जंक्शन १०६. तो खरंच चकित झाला, इतकी वर्षं त्यानं तो आकडा पाहिलाच नव्हता. अन् हे त्याच्या खोलीत, जिथं पंखासुद्धा बंद होता, भिंतीवरच्या घड्याळात २६ डिग्री. मी त्याला सांगितलं की माझी खोली टिनाची आहे, मे महिन्यात आत ४१-४२ असते. खोली जेवढी तापते, जवळजवळ तेवढेच डिग्री कार्डात वाढतात. २६ ला १०६, तर ४२ ला किती. म्हणजे आहे तसं हे कार्ड आमच्याकडं उन्हाळ्यात पूर्ण वेगानं चालूच शकत नाही.

कोणी विंटरमध्ये जुनं कार्ड पाहायला जात असेल तर ही एक गोष्ट पक्की धरून ठेवा, फेब्रुवारीतला आकडा हा फेब्रुवारीचाच आहे. वाचलेले सगळे रिव्ह्यूसुद्धा वीस-पंचवीस डिग्रीच्या खोलीतले असतात, त्यात आपले वीस आपणच मिळवायचे.

पॅडचा खर्च, मधल्या पंख्याचा खर्च, वॉरंटी संपलेली, हे सगळं समोर ठेवलं. ५७ हजारात झालं. गेमचं एक बेंचमार्क अन् माझ्याच हळदीच्या क्लिपचा एक एक्सपोर्ट तिथंच चालवून पाहिला, स्क्रीनवर ठिपके नाहीत, रेघा नाहीत, मगच पैसे टाकले.

रात्री बाबांनी विचारलं कितीचं. सांगितलं. त्यांनी मनातच हिशोब केला, "७,५२१ च्या हमीभावानं साडेसात क्विंटल कापूस झाला रे." एवढंच बोलले. कापूस अजून शेजारच्या खोलीत पडलेला आहे, भाव वाढतो का पाहून राहिलो. हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही, म्हणून या कार्डावर मी घाई करणार नाही.

१८ फेब्रुवारी

बसवलं. ८५० वॅटचा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज देणारा डबा) आधीच घेऊन ठेवला होता, कंपनी ७५० सांगते पण हे कार्ड क्षणभर खूप जास्त ओढतं अन् आमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तिथं कंजुषी नको वाटली. दोन्ही पॉवर कनेक्टरला वेगवेगळी केबल दिली, एकाच केबलची दोन तोंडं नाही. वजन इतकं की स्लॉटमध्ये कार्ड वाकलं, खालून सागाची एक पट्टी मापात कापून टेकू दिला.

खोलीत २९. एक्सपोर्ट सुरू केला, पंधरा मिनिटांत मेमरी ११०, क्लॉक, म्हणजे कार्डाचा वेग, खाली-वर व्हायला लागला. कार्ड बंद केलं. उघडल्याशिवाय गत्यंतर नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

उघडलं. हे थोडं सविस्तर लिहितो.

आधी प्रत्येक टप्प्याला फोटो. स्क्रू तीन मापांचे निघाले, पुठ्ठ्यावर कार्डाचं चित्र काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी खोचत गेलो. कूलर अन् बोर्ड वेगळे करताना एकदम ओढायचं नाही, आत पंख्याच्या दोन बारीक वायर असतात, दोन बोटांएवढीच फट करायची, टॉर्च मारायचा, वायर काढायची, मग वेगळं. पेस्ट इतकी वाळली होती की कूलर सुटेना, तेव्हा परत लावून पाच मिनिटं चालवलं, गरम झाल्यावर हलकं डावीकडं-उजवीकडं फिरवलं की सुटलं.

मागचे पॅड पाहिले अन् सगळं समजलं. बोट लावलं तर भाकरीच्या पापुद्र्यासारखे तुटत होते. बाराच्या बारा चिपांवर तेलाचा थर, अन् दोन चिपांवर पॅडचा ठसाच नव्हता, म्हणजे तिथं पॅड बॅकप्लेटला टेकतच नव्हता. त्या दोन चिपा वर्षभर हवेवर होत्या. बिचाऱ्या जिवंत राहिल्या.

मोबाइल रिपेअरिंगवाल्याकडून आयपीए (पुसायचं अल्कोहोल) आणलं होतं, कापसानं (घरचाच) पुसायला गेलो तर धागे राहायला लागले, मग चष्म्याच्या फडक्यानं पुसलं. कापूस वापरू नका.

पॅडची जाडी हा खरा पेच. लेथवाल्या काकांकडून व्हर्निअर (जाडी बारीक मोजायचं माप) आणला अन् जुने पॅड मोजले, पण जुना पॅड दबून दबून पातळ झालेला असतो, त्यावरून मूळ जाडी कळत नाही. मागं २ मिलिमीटर धरले, समोर २. नवीन पेस्ट, सगळं बंद, रात्री साडेअकराला चालू केलं.

मेमरी ८८! खोलीत २८ होते. मी उठून आईला सांगायला गेलो, ती झोपली होती. परत येऊन पाहतो तर कोअर ८० अन् हॉटस्पॉट १०४. आधी दोघांत १३ चा फरक होता, आता २४. समोरचे पॅड जाड झाले. जाड पॅडवर कूलर उचलला जातो अन् मधल्या मुख्य चिपवर नीट बसत नाही. मेमरी वाचवली अन् कोअर बिघडवला. चूक माझी, मोजण्याची.

२ मार्च

समोरचे पॅड काढून थर्मल पुटी मागवली होती, ती लावली. पुटी मळलेल्या कणकेसारखी असते, जेवढी फट तेवढी ती स्वतःच दबते, जाडीचा हिशोबच नको. प्रत्येक चिपवर हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी गोळी. स्क्रू एका दमात नाही, समोरासमोरचे आलटून-पालटून, थोडे-थोडे. मधला पंखाही नवीन टाकला.

खोली २९, ३५० वॅट, कोअर ७०, हॉटस्पॉट ८२, मेमरी ९०. हे आकडे मी भिंतीवर पेन्सिलनं लिहून ठेवले.

मला आता वाटतं पहिल्यांदाच पुटी घ्यायला हवी होती. पुढं कोणाचं कार्ड उघडलं तर पॅडचं मोजमाप मी करणार नाही.

१४ मार्च

धुळवड. काम नाही. काल होळीचा धूर घरात आला तेव्हा शेजारच्या कापसाकडं पाहून काळजी वाटली, ३५० वॅटचं यंत्र अन् पाच हात अंतरावर कापसाचा ढीग, मध्ये फक्त एक दार. वायरिंगवाल्याला बोलावून या खोलीला स्वतंत्र एमसीबी अन् नीट अर्थिंग घेतलं. आधी करायला हवं होतं, कार्ड नसतं तरी.

३० मार्च, पाडवा

कापूस गेला, खोली रिकामी. अंगाची खाजही थांबली, ज्यांच्या घरात उन्हाळ्यापर्यंत कापूस राहतो त्यांना माहीत आहे.

आज अंडरव्होल्ट, म्हणजे कार्ड कमी व्होल्टेजवर चालवणं. आफ्टरबर्नर सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेज अन् वेगाची कर्व्ह उघडून ८५० मिलिव्होल्टला १७५५ मेगाहर्ट्झ धरलं अन् त्यापुढची रेघ सपाट केली. तीन वेळा पूर्ण फिल्म एक्सपोर्ट केली, एकदाही बंद पडलं नाही. वॅट ३५० वरून २७० च्या आसपास. चाळीस मिनिटांची तीच फिल्म, पूर्ण ताकदीवर ४१ मिनिटं लागत होती, आता ४३. दोन मिनिटांसाठी ८० वॅट. हे कंपनीनंच असं का दिलं नाही असं वाटून राहिलं, पण प्रत्येक चिप थोडी वेगळी असते, सगळ्यांना चालेल इतकं व्होल्टेज त्यांना ठेवावंच लागतं. आपल्या हातात एकच चिप असते, म्हणून आपण बारीक बसवू शकतो.

खोली ३३ होती, कोअर ६६, मेमरी ८४. वीजबिलाचं वेगळंच.

एक नोंद, या कार्डाबद्दल लोक सांगत नाहीत ती. सोनीच्या कॅमेऱ्याचं ४:२:२ दहा-बिट (रंगाची माहिती जास्त साठवणारं) फुटेज हे कार्ड हार्डवेअरवर उघडत नाही. ते प्रोसेसरवर पडतं अन् टाइमलाइन अडकते. मी प्रॉक्सी, म्हणजे हलक्या कॉपी, बनवून काम करतो. ज्याला फक्त याच फुटेजसाठी कार्ड घ्यायचं असेल त्यानं ३०९० घेऊ नये.

१२ एप्रिल

बाहेर ४३. डीजेवाल्याच्या ॲम्प्लिफायर दुरुस्तीच्या दुकानात गेलो होतो, त्याच्याकडं जळालेल्या ॲम्पांचा ढीग असतो, त्यातून ॲल्युमिनिअमचं पंखाळं हीटसिंक निवडलं, वीतभर लांब, पात्या सरळ, खालची बाजू सपाट. तो पैसे घेईना, "दोन लग्नात बरोबर असतो आपण, याचे काय पैसे." खालची बाजू काचेवर सँडपेपर ठेवून घासली, पॅड लावून बॅकप्लेटवर बसवलं, बरोबर मागच्या मेमरीच्या वर, अन् त्यावर कॅबिनेटचा १२० एमएमचा पंखा वरून हवा मारणारा. वजन वाढलं म्हणून सागाची पट्टी बदलून जाड टाकली.

खोली ३४, मेमरी ७८. फेब्रुवारीत २६ च्या खोलीत १०६ होती. मी बराच वेळ त्या आकड्याकडं पाहत बसलो.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

एका दिवसात तीन लग्नं, आम्ही तिघं तीन गावांना. रात्री एकला घरी. कार्ड बंद.

१८ मे

गेला पूर्ण महिना कार्ड रोज सात-आठ तास चाललं. आता खोलीतल्या पाण्याच्या कूलरबद्दल लिहितो, कारण हा आमच्याकडचा विषय आहे अन् कोणी सांगत नाही.

आधी मी कूलरचं तोंड सरळ कॅबिनेटवर केलं होतं, म्हटलं थंड हवा थेट मिळेल. चार दिवसांनी काचेवर पांढरे ठिपके. आमचं बोअरचं पाणी खारं, नवीन ताट्यांमधून बारीक तुषार उडतात, पाणी उडून जातं अन् खार तिथंच बसतो. गरम कार्डावर दव धरत नाही, ती भीती नको, पण खाराचे थेंब बोर्डावर नको. मग कूलर खिडकीत, तोंड पलंगाकडं, कॅबिनेट त्याच्या रेषेतून बाजूला, अन् समोरचं दार अर्धं उघडं. दार बंद केलं की कूलर नुसता दमट करतो, हवा बाहेर जाते तेव्हाच थंड करतो. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की बाहेर ४५ असताना खोली ३३ वर येते. मेमरी ७८.

परवा दुपारी लाइट गेली, एक्सपोर्ट मध्येच मेला. इन्व्हर्टरवर फक्त मॉनिटर अन् वायफाय, कार्डाचा भार त्याला झेपत नाही. लाइट आली पण कूलरच्या टाकीत पाणी नव्हतं अन् मला दीड तासानं समजलं, तोवर खोली ४१. मेमरी ८६, कोअर ७५, वेग तसाच. म्हणजे कूलर नसतानाही टिनाखाली ते चाललं. ज्या प्रश्नावर मी फेब्रुवारीत अडलो होतो त्याचं उत्तर हे मिळालं, ठरवून नाही, टाकी रिकामी राहिली म्हणून.

टिनावर बाबांनी ज्वारीचा कडबा पसरून दिला दुसऱ्या दिवशी. मी म्हटलं नव्हतं. खोली आणखी दोन डिग्रीनं उतरली.

१५ जून

दोन पाऊस पडून गेले. आता कूलर उपयोगाचा नाही, हवा ओली झाली की तो थंड करत नाही. खोली ३६, अंगाला चिकचिक, पण बाहेरची कमाल ३८ असल्यानं कूलरविनाही कार्ड सुखात आहे. मेमरी ८१.

आज कॅबिनेट उघडून साफ केलं. समोरच्या जाळीवर पांढरा थर, रुईचा, मार्च अखेरपर्यंत शेजारी कापूस होता त्याचा. हातात घेतला तर वातीएवढी जाड दोरी झाली. कार्डाच्या पात्यांमध्ये फारसं नव्हतं, जाळीनं अडवलं. पंखा ब्लोअरनं साफ करताना बोटानं धरून ठेवायचा, मोकळा सोडला की उलटा जोरात फिरतो अन् बेअरिंग जातं. पुटी बाहेर आलेली नाही, तेलाची रेघ नाही. भिंतीवरच्या पेन्सिलच्या आकड्यांखाली आजचे लिहिले.

सतरापैकी पंधरा फिल्म दिल्या. दोन राहिल्यात, अन् शिवाय फेब्रुवारीतली हळदीची, जिच्यापासून हे सगळं सुरू झालं, त्यांनी आता गाणं बदलून मागितलंय. नॉइज रिडक्शन लावून प्ले केलं, नवरीच्या हातावरची हळद दाणे न पडता पिवळी दिसते. रात्री एक्सपोर्टला टाकतो, सकाळी पेन ड्राइव्ह घेऊन त्यांच्या घरी जायचं आहे.